चेक बाउन्समध्ये शिक्षा झाली. स्थगितीला किती पैसे लागतील?

निकालाच्या दिवशी शिक्षा स्थगितीचा अर्ज वकिलांच्या फायलीत टाइप होऊन तयार हवा आणि जामीनदार कोर्टाच्या आवारात हजर हवा. चेक बाउन्सच्या खटल्यात दंडाधिकाऱ्यांनी कैद सुनावली की शेजारी पोलीस येऊन उभा राहतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर अपील करता यावं म्हणून तेच कोर्ट शिक्षा थांबवू शकतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८९, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३०. चेकच्या गुन्ह्यात कमाल कैद दोन वर्षांची, म्हणजे ही सोय बहुतेकांना मिळण्यासारखी. पण ‘जामीनदार गावाहून निघालाय’ असं संध्याकाळी पाच वाजता सांगून भागत नाही.

जामीनदाराला पैसे द्यायचे नसतात. त्याचं आधार कार्ड आणि सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक लागतं. काही ठिकाणी तहसीलचा ऐपतीचा दाखलाही मागतात. आवारात फिरणाऱ्या भाडोत्री जामीनदारांच्या नादी लागू नका, कागद बनावट निघाले तर नवा गुन्हा गळ्यात पडतो. नातेवाईक तयार नसतील तर रोख जामिनाची परवानगी मागा. ही रक्कम शेवटी परत मिळते, मात्र अर्ज करून. पावती जपून ठेवा; काही वर्षांनंतर ती शोधताना घाम फुटतो.

निकालाची प्रत कैद झालेल्या आरोपीला लगेच आणि मोफत मिळते. तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस. तिकिटं, वकालतनामा, टायपिंग हा खर्च किरकोळ. वकिलांच्या फीला ठरलेला दर नाही, म्हणून स्थगितीचा अर्ज, दर तारखेची हजेरी आणि अंतिम युक्तिवाद यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही.

खरा खड्डा पुढे आहे. चेक बाउन्सच्या कायद्यात (चलनक्षम दस्तऐवज अधिनियम) २०१८च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १४८ नुसार अपिलात कोर्ट दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला सांगू शकतं. समजा चेक ५ लाखांचा, भरपाई ७ लाखांची. तर १ लाख ४० हजार रुपये ६० दिवसांत उभे करायचे. सबळ कारण दाखवलं तर आणखी ३० दिवस मिळतात. पैसे भरले नाहीत तर स्थगिती रद्द होऊ शकते. परिस्थिती खरोखर अपवादात्मक असेल तर ही अट वगळता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं; पण ते कारण अर्जातच कागदपत्रांसह मांडलेलं बरं. अपिलात सुटलात तर ही रक्कम फिर्यादीने व्याजासह परत करायची असते.

म्हणून भरणा करण्याआधी तडजोडीचा हिशेब एकदा मांडाच. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये तडजोडीचा खर्च कमी केला: बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी चेकची रक्कम दिली तर काही नाही, त्यानंतर निकालापूर्वी ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात साडेसात. वरच्या उदाहरणात अपिलात तो ३७,५०० रुपये होतो, अर्थात चेकचे ५ लाख वेगळे. बाजू लंगडी असेल तर, माझ्या मते, वर्षानुवर्षं तारखा मोजण्यापेक्षा हे स्वस्त.

स्थगितीने फक्त तुरुंग थांबतो, दोषी ठरवणारा निकाल उभाच राहतो. काँग्रेस नेते सुनील केदारांची नागपूर जिल्हा बँक घोटाळ्याच्या प्रकरणातली शिक्षा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये स्थगित केली, तरी दोषसिद्धी कायम राहिल्याने त्यांना त्या वर्षीची विधानसभा लढवता आली नाही. सरकारी नोकरी असेल तर दोषसिद्धीच्या स्थगितीचा अर्ज वेगळा करायला वकिलांना आठवणीने सांगा. तो सहजासहजी मंजूर होत नाही. आणि अपील फेटाळलं गेलं, तर बाहेर काढलेला काळ शिक्षेत धरला जात नाही.