समुद्राच्या तळाशी वीस मिनिटे

पेपरला तीन तास मिळूनही ते तुम्हाला पुरत नाहीत. मग एका वेळी जेमतेम वीस मिनिटे, अशी दिवसातून दोनदाच कामाला मिळाली तर?

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर उलुबुरुन येथे ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरीस एक व्यापारी जहाज बुडाले. स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याने १९८२ मध्ये तळाशी ‘कान असलेली धातूची बिस्किटे’ पाहिली. त्या तांब्याच्या लगडी होत्या. खोली होती ४४ मीटर आणि त्याहूनही अधिक.

आता थोडे गणित करा. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. मग ५० मीटरवर एकूण दाब किती? पाच म्हणालात ना? पाण्यावरची हवा विसरलात! उत्तर सहा. पाणबुड्याला हवाही तेवढ्याच दाबाने घ्यावी लागते. म्हणून टाकी सहापट लवकर रिकामी होते. शिवाय जास्त दाबाखाली नायट्रोजन रक्तात अधिक विरघळतो. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की कसा फसफसून फेस येतो, ते आठवा. पाणबुड्या घाईने वर आला तर त्याच्या शरीरात तेच होईल. म्हणून वर येताना ठरावीक खोलींवर थांबत यायचे, आणि तळावर थोडाच वेळ राहायचे.

मग हे काम धंदेवाईक पाणबुड्यांवर का सोपवू नये? पूर्वी तसेच होई. पुरातत्त्वज्ञ वर नावेत बसून राहत. १९६० मध्ये जॉर्ज बास या तरुण संशोधकाने तुर्कस्तानातच, गेलिदोन्या भूशिराजवळ, स्वतः बुडी मारून उत्खनन केले. कारण वस्तूइतकीच तिची जागा बोलकी असते. उलुबुरुनच्या लगडी कौलांसारख्या एकीवर एक रचलेल्या होत्या. तांबे सुमारे १० टन आणि कथील सुमारे एक टन निघाले. कांसे करायला नेमके हेच प्रमाण लागते! हा माल नुसता उपसला असता, तर तो जहाजात कसा भरला होता हे कधीच कळले नसते.

या उत्खननाची धुरा पुढे सांभाळणारे जेमाल पुलाक आधी यंत्र अभियांत्रिकी शिकलेले. तेव्हा इतिहास आवडतो म्हणून गणित-विज्ञान सोडू नका. इथे दोन्ही लागतात. आपल्याकडे डॉ. एस. आर. राव यांनी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून १९८० च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात असाच शोध घेतला. तिथे दगडी नांगर सापडले.

उलुबुरुनचे काम १९८४ ते १९९४ असे अकरा उन्हाळे चालले. बुड्या झाल्या २२ हजारांहून अधिक. वर काढलेल्या वस्तूंतला क्षार काढून त्या टिकवण्याचे काम मात्र त्यानंतरही बोद्रुमच्या प्रयोगशाळेत सुरूच राहिले.