एका मंदिराखाली दुसरे मंदिर
रोममधील संत क्लेमंट यांच्या बॅसिलिकेची ओळख



मिस्साची पहिली मोठी प्रार्थना, म्हणजे रोमन कॅनन, म्हणताना प्रेषितांच्या नावांमागोमाग लायनस, क्लीटस, क्लेमंट अशी नावे येतात. धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाने मला विचारले, “फादर, हे क्लेमंट कोण? ते आपल्या मिस्सात कशाला?” प्रश्न चांगला होता. २३ नोव्हेंबरला त्यांचा सण असतो, तोही बहुधा आपल्या लक्षात न येता निघून जातो. त्या मुलाला उत्तर द्यायचे तर मला रोममधील एका मंदिराची गोष्ट सांगावी लागेल. ती मुलांसाठी आहे, तशी आपणा मोठ्यांसाठीही आहे. आपल्या मंदिराच्या कामाचा विषय सध्या घरोघरी चालू आहे, त्या निमित्ताने ती समजून घेऊ या.

क्लेमंट कोण होते?

संत पेत्र, लायनस, क्लीटस यांच्यानंतर क्लेमंट हे रोमचे बिशप झाले. म्हणजे पेत्रापासून मोजल्यास ते चौथे पोप. त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले एक पत्र आजही उपलब्ध आहे. साधारण इ. स. ९६ च्या सुमारास रोमच्या ख्रिस्तसभेने ते करिंथ येथील ख्रिस्तसभेला लिहिले. नव्या कराराबाहेरच्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती लेखनात त्याची गणना होते. करिंथमध्ये काही मंडळींनी ज्येष्ठ धर्माधिकाऱ्यांना बाजूला सारले होते आणि ख्रिस्तसभेत दोन तट पडले होते. पत्रात त्यांना मत्सर सोडण्याची, नम्र होण्याची आणि एकोप्याने राहण्याची कळकळीची विनंती आहे. धर्मग्रामातील भांडणे पहिल्या शतकातही होती, हे वाचून थोडा धीर येतो आणि थोडी लाजही वाटते.

पुढे परंपरेत अशी कथा आली की, सम्राट ट्राजान याने क्लेमंट यांना काळ्या समुद्राकाठी क्रिमियात हद्दपार केले. तिथे त्यांनी दगडाच्या खाणीत काम केले आणि शेवटी त्यांच्या गळ्यात जहाजाचा नांगर बांधून त्यांना समुद्रात बुडवण्यात आले. ही कथा त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने लिहिली गेली आहे, तेव्हा तिचा प्रत्येक तपशील इतिहास म्हणून घेता येणार नाही. परंतु नांगर ही त्यांची खूण मात्र कायम झाली. त्यांच्या मंदिरात तो ठिकठिकाणी दिसतो.

वरचे मंदिर

हे मंदिर रोममध्ये कलोसियमपासून लॅटरनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कलोसियमपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. त्याचा दर्शनी भाग अठराव्या शतकातला, पोप अकरावे क्लेमंट यांच्या काळात कार्लो स्तेफानो फोंताना या वास्तुशिल्पकाराने सजवलेला. मंदिरासमोर जुन्या पद्धतीचे चौकोनी अंगण आहे. आत दोन्ही बाजूंना प्राचीन खांबांच्या रांगा आहेत. रोमच्या पडक्या इमारतींतून असे खांब आणून मंदिरात बसवण्याची त्या काळी रीतच होती, म्हणून ते सगळे एका घडणीचे नाहीत. जमीन रंगीत संगमरवराच्या लहान लहान तुकड्यांची, वर्तुळे आणि वेलबुट्ट्या काढलेली आहे.

पण नजर जाते ती वेदीमागच्या अर्धगोल भिंतीकडे. तिथे बाराव्या शतकाच्या सुरुवातीचे सोनेरी मोझॅक आहे. मधोमध क्रूसावर प्रभू येशू, क्रूसावर बारा पांढरी कबुतरे, म्हणजे बारा प्रेषित. दोन्ही बाजूंना पवित्र मरिया आणि संत योहान. क्रूसाच्या पायथ्याशी हिरवेगार झुडूप उगवले आहे आणि त्याच्या फांद्या वळसे घेत घेत सगळी भिंत व्यापून टाकतात. या वेलीच्या वळणांत ख्रिस्तसभेचे थोर आचार्य बसले आहेत. तसेच मेंढपाळ आहेत, पक्षी आहेत आणि कोंबड्यांना दाणे टाकणारी एक बाईसुद्धा आहे. खाली हरणे झऱ्याचे पाणी पितात. त्याखाली मधोमध देवाचे कोकरू आणि दोन्हीकडून येणारी बारा मेंढरे.

मोझॅकखालच्या लॅटिन ओळींचा आशय असा की, ख्रिस्तसभा ही द्राक्षवेल आहे आणि क्रूस तिला हिरवी ठेवतो. विद्वान आचार्य आणि कोंबड्यांना दाणे टाकणारी बाई एकाच वेलीवर आहेत, हे मला या मंदिरातील सर्वांत मोठे प्रवचन वाटते.

मधले मंदिर

इतकी शतके लोक समजत होते की, संत जेरोम यांनी इ. स. ३९२ मध्ये उल्लेख केलेले क्लेमंट यांचे मंदिर ते हेच. १६७७ पासून हे मंदिर आयर्लंडच्या डोमिनिकन संघाकडे आहे. त्यांच्या देशात त्या काळी कॅथोलिक धर्मगुरूंचा छळ होत होता, म्हणून त्यांना रोममध्ये हा आसरा मिळाला. त्यांच्यापैकी फादर जोसेफ मलूली यांनी १८५७ मध्ये मंदिराखाली खोदायला सुरुवात केली आणि पायाखाली आणखी एक पूर्ण मंदिर निघाले! जेरोम यांचे मंदिर ते खालचे. चौथ्या शतकातले. वरचे मंदिर त्याच्या सातशे वर्षांनंतर, साधारण ११०० ते ११२५ च्या दरम्यान बांधलेले.

खालचे मंदिर का सोडले? १०८४ मध्ये नॉर्मन सैन्याने रोमची लूट केली, त्यात ते नष्ट झाले, असे जुन्या पुस्तकांत असे. अलीकडचे अभ्यासक तसे मानत नाहीत. शतकानुशतके आजूबाजूची जमीन वर चढत गेली, रस्ता उंच झाला आणि मंदिर खाली खड्ड्यात राहिले, इमारतही कमजोर झाली. तेव्हा लोकांनी विचारपूर्वक निर्णय घेतला. खांबांच्या उंचीपर्यंत भिंती राखून जुने मंदिर राडारोड्याने भरून काढले आणि त्याचाच पाया करून वर नवे, थोडे अरुंद मंदिर उभारले. इतके जुने, संतांच्या आठवणींनी भरलेले मंदिर त्यांनी स्वतःच्या हातांनी बुजवले.

परंतु सगळे बुजवले नाही. खालच्या मंदिरात गायकवृंदासाठी संगमरवराचे नक्षीदार कठडे होते. ते सहाव्या शतकातील. त्यांच्यावर पोप दुसरे योहान (इ. स. ५३३ ते ५३५) यांचे नाममुद्रेचे चिन्ह कोरलेले आहे. हे योहान पोप होण्यापूर्वी याच मंदिराचे धर्मगुरू होते. त्यांचे मूळ नाव मर्क्युरियस. एका रोमन देवाचे नाव पोपला शोभणार नाही म्हणून त्यांनी ते बदलले. पोप झाल्यावर नाव बदलण्याची प्रथा त्यांच्यापासून सुरू झाली. नवे मंदिर बांधणाऱ्यांनी हे कठडे काढून वर आणले आणि पुन्हा बसवले. आजही ते मंदिराच्या मधोमध आहेत. इमारत बदलली, पण देवाची स्तुती जिथे उभे राहून गायली जात होती ती जागा त्यांनी सोबत नेली.

भाषेची दोन चित्रे

खालच्या मंदिरात अकराव्या शतकाच्या अखेरची भित्तिचित्रे आहेत. एकात सिसिनियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याची कथा आहे. पत्नी ख्रिस्ती झाली म्हणून चिडलेला हा मनुष्य क्लेमंट यांना पकडून ओढत न्यायला नोकरांना सांगतो. पण त्यांची दृष्टी फिरलेली असते आणि ते संताऐवजी दगडी खांबालाच दोर बांधून ओढत असतात! आजच्या चित्रकथांत असते तशी प्रत्येकाची वाक्ये त्याच्याजवळ लिहिली आहेत. संतांचे शब्द लॅटिनमध्ये आहेत, तर मालकाचा ओरडा आणि शिवी रोमच्या बाजारातल्या बोलीत. इटालियन भाषेच्या सर्वांत जुन्या लेखी नमुन्यांत हे चित्र मोजले जाते. आपल्या मराठीचे आरंभीचे शिलालेखही साधारण याच शतकांतले आहेत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. संत सिरिल आणि मेथोडियस हे ग्रीक बंधू स्लाव्ह लोकांत सुवार्ता सांगायला गेले. त्या भाषेला लिपी नव्हती. सिरिल यांनी ती तयार केली आणि उपासनेचे ग्रंथ त्या भाषेत आणले. देवाची उपासना हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीनच भाषांत व्हावी, असे म्हणणाऱ्यांनी त्यांना विरोध केला. सिरिल यांना क्रिमियात जे अवशेष मिळाले होते, ते क्लेमंट यांचे मानले गेले. ते घेऊन दोघे भाऊ रोमला आले. पोप दुसरे एड्रियन यांनी त्यांचे स्वागत केले आणि स्लाव्ह भाषेतील उपासनेला मान्यता दिली. रोममध्येच १४ फेब्रुवारी ८६९ रोजी सिरिल यांचे निधन झाले. मेथोडियस यांची इच्छा भावाचा देह घरी नेण्याची होती, पण त्यांना क्लेमंट यांच्या मंदिरात पुरण्यात आले. आज स्लाव्ह देशांच्या लोकांनी त्या जागी आपापल्या भाषेत कृतज्ञतेच्या पाट्या लावल्या आहेत.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, आपली भाषा शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यानंतरही मिस्सा मात्र लॅटिनमध्येच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेचे दार लोकभाषांना उघडले, तेव्हा कुठे ती मराठीत आली. सिरिल यांना जे नवव्या शतकात मिळाले, त्यासाठी आपल्याला विसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले.

तळमजला

मधल्या मंदिराच्याही खाली पहिल्या शतकातल्या रोमन इमारती आहेत. एका इमारतीत मित्र या देवाच्या उपासकांची गुहेसारखी खोली आहे. दोन्ही बाजूंना दगडी बाक, मध्ये बैलाला मारणाऱ्या मित्राचे शिल्प असलेली वेदी. ख्रिस्ती लोकांचे सुरुवातीचे प्रार्थनागृहही इथेच होते, अशी जुनी समजूत आहे. ती खरी असू शकेल, पण पुराव्याने सिद्ध झालेली नाही. श्रद्धा आणि समजूत यांत फरक करायला आपण घाबरू नये. आपली श्रद्धा त्याने कमी होत नाही.

हा भाग खोदला तेव्हा तो पाण्याने भरला होता. शेवटी १९१२ ते १९१४ या काळात कलोसियमच्या दिशेने सहाशे मीटरहून लांब बोगदा खणून पाणी काढून दिले गेले. आजही तिथे उभे राहिले की, भिंतीपलीकडे वाहत्या पाण्याचा आवाज ऐकू येतो.

आपल्यासाठी बोध

आपल्या मंदिराचा विषय निघाला की, दोन मते पडतात. छत गळते, नाताळला निम्मे लोक उन्हात उभे असतात, म्हणून नवे बांधा, असे काहींचे म्हणणे. आमच्या आजोबांनी डोक्यावरून दगड वाहिले, त्याला हात लावू नका, असे काहींचे. दोन्हीकडची माणसे मंदिरावर प्रेम करणारीच आहेत. निर्णय सर्वांनी मिळून आणि बिशपमहोदयांच्या संमतीने व्हायचा आहे, म्हणून इथे मी कोणाची बाजू घेत नाही. पण क्लेमंट यांचे मंदिर दोघांनाही काही सांगते.

नवे हवे म्हणणाऱ्यांना ते सांगते : बांधा, पण आधी विचारा की, वर काय न्यायचे आहे. आपले संगमरवरी कठडे कोणते? आजीची संध्याकाळची रोझरी, घरच्या बोलीतले लग्नगीत, मराठी मिस्सातली सर्वांना पाठ असलेली गाणी? मुले इंग्रजी शाळेत जातात, त्यांना इंग्रजी मिस्सा हवी, हे मी समजू शकतो. पण ज्या भाषेसाठी सिरिल झिजले तसे आपल्या भाषेसाठीही कोणी झिजले आहे. ती खाली गाडली जाऊ नये.

जुने राखा म्हणणाऱ्यांना ते सांगते : संतांची कबर असलेले मंदिरसुद्धा लोकांनी बुजवले आणि ख्रिस्तसभा बुडाली नाही. वाईट घडले ते वेगळेच. पुढच्या पिढ्यांना कोणी सांगितलेच नाही, म्हणून सातशे वर्षे लोक त्या मंदिरावर उभे राहून मिस्सा ऐकत राहिले आणि पायाखाली काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. दगड शाबूत होते, आठवण हरवली होती.

आणि दोघांनाही क्लेमंट यांचे ते जुने पत्र सांगते की, मंदिरावरून धर्मग्राम फुटला तर ते मंदिर कोणासाठी? संत पेत्र आपल्याला जिवंत दगड म्हणतात. दगड एकमेकांवर टेकतात तेव्हाच भिंत उभी राहते.

कुटुंबात वाचा आणि बोला

१. इफिसकरांस पत्र २:१९–२२ आणि पेत्राचे पहिले पत्र २:४–५ एकत्र बसून वाचा. आपण कोणाच्या पायावर बांधले गेलो आहोत?
२. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : आपले मंदिर बांधताना कोणी काय केले? त्यांचे उत्तर वहीत लिहून ठेवा आणि मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.
३. आपल्या घरातली कोणती प्रार्थना, गाणे किंवा रीत पुढच्या पिढीच्या मंदिरात नेलीच पाहिजे, असे तुम्हांला वाटते? तिचे नाव एका चिठ्ठीवर लिहून पुढच्या रविवारी वेदीजवळच्या टोपलीत टाका. मंदिराच्या बैठकीत नकाशे उघडण्याआधी आपण त्या चिठ्ठ्या वाचू.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू