बोगद्यातली नोकरी : यंत्र खोदतं, मग माणूस कशाला?

प्रश्न : धाकट्या भावाने आयटीआयतून फिटरचा कोर्स केलाय. मुंबईत भुयारी रेल्वेच्या बोगद्यात काम मिळतंय. खोदाई यंत्रच करतं, मग त्यात शिकण्यासारखं काय? पाठवू का?

उत्तर : जरूर पाठवा, पण अटी घालून. यंत्राने फावडं काढून घेतलं, कौशल्य नाही. मुंबईच्या मेट्रो ३ साठी १७ बोगदा-यंत्रं उतरवली गेली. पण काळ्या बेसॉल्टमध्ये त्यांच्या पोलादी चकत्या झिजतात आणि शंभर किलोंहून जड चकती बदलायला माणसालाच यंत्राच्या तोंडाशी जावं लागतं. मागे काँक्रीटचे वक्र तुकडे जोडून कडं पुरं करायचं, बोल्ट आवळायचे, सांध्यातून पाणी झिरपू द्यायचं नाही. हे सगळं फिटरचंच काम. यंत्राच्या पोलादी कवचामुळे दरड कोसळण्याचा धोका घटतो, मात्र धूळ, आवाज, उकाडा आणि रुळांवरून धावणाऱ्या गाड्यांचा धोका उरतोच. म्हणून छाती आणि कानांची तपासणी, पीएफ आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी आधी विचारा. ‘बोगदा संपला की नोकरी संपली’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. कंत्राट संपतं, पण हात रिकामे राहत नाहीत : बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा, ठाणे-बोरिवली जुळे बोगदे अशी कामं पुढे आहेतच. गाव बदलत राहील, एवढी तयारी मात्र हवी.