बचत गटाचं दप्तर सांभाळताना

१. बैठकीचा वार मोडू नये. एकदा ‘पैसे पोरीच्या हाती पाठवते’ सुरू झालं की बचत जमते, पण बोलणं थांबतं. कुणाच्या घरी काय अडलंय हे बोलण्यातूनच कळतं आणि कर्ज त्यावरच द्यायचं असतं.

२. बहुतेक गटांत लिहिता येणारी बाई एकच. मग सचिव तीच, दप्तर आणि शिक्काही तिच्याच घरी. ती कितीही सरळ असली तरी वर्ष-दोन वर्षांत कुजबुज सुरू होतेच. म्हणून बैठक उठायच्या आत प्रत्येकीच्या पासबुकात आकडा चढवायचा आणि शिल्लक मोठ्यानं वाचायची. आमच्यातल्या एक आजी अंगठा उठवतात, पण कुणाचा कितवा हप्ता राहिला ते वही न उघडता सांगतात. त्यांच्यासमोर चूक लपत नाही.

३. गटातल्या कर्जाचं व्याज शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे वर्षाला २४ टक्के. ऐकायला जड वाटतं. पण हे व्याज गटातच राहतं. दिवाळीला सगळी रक्कम वाटून घेतली तर मात्र गट पुन्हा शून्यावर.

४. नाबार्डनं १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरी शाखेत साहेब बदलला की आमचे कागद पहिल्यापासून!

५. कर्ज काढून धंदा कोणता करायचा? पापड-लोणची प्रदर्शनात खपतात, पुढं वर्षभर काय? गावात डाळ भरडायची गिरणी आणि शेवयाचं यंत्र जास्त चाललं.

६. सगळ्यात मोठं संकट दारात येतं. मायक्रोफायनान्स कंपन्याही ‘गट’च करतात, पण तिथं बचत नसते, एकमेकींचा जामीन आणि ठरलेल्या दिवशी हप्ता. घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये ठरवलं. पण उत्पन्नाचा आकडा फॉर्मवर कोण कसा भरतं, ते आम्ही पाहतो. एकीवर तीन-तीन कंपन्यांची कर्जं असतात. त्यांचे हप्ते फेडायला ती आमच्याकडे ‘दवाखान्या’साठी म्हणून कर्ज मागते. आता अर्ज आला की आम्ही सरळ विचारतो, बाहेर कुठं हप्ता चालू आहे? ते बाहेरचं कर्ज गटाच्या पैशातून फेडून तिला मोकळं करावं का, यावर आमच्यात दोन तट आहेत. करावं, असं माझं मत. मात्र त्या महिन्यापासून तिनं बैठक चुकवायची नाही.