ओळख साष्टी बेटाची



वाईहून मुंबईला जाताना वाशीच्या पुलावर खाडी ओलांडली की आपण एका मोठ्या बेटावर येतो, हे सहसा ध्यानात येत नाही. हेच साष्टी. सासष्ट, म्हणजे ६६ गावांवरून हे नाव पडले, असे सांगतात. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची, दक्षिणेस माहीमची. मधोमध डोंगर आणि कान्हेरीची लेणी.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईसह हे बेट पोर्तुगीजांना दिले. येथील पुष्कळ कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण आपली मराठी बोली सोडली नाही. १७३७ मध्ये बेट मराठ्यांनी जिंकले, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतले. १८४५ मध्ये माहीमच्या खाडीवर रस्ता झाला. पुढे भराव पडत गेले आणि हे बेट आहे याचा लोकांना विसर पडला.

पाण्याला मात्र तो पडला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अतिक्रमणाने अरुंद झालेल्या मिठी नदीत ते पाणी मावले नाही. मुंबईत शेकडो जीव गेले.

आपल्या गावातून कृष्णामाई वाहते. तिचे काठ मोकळे ठेवणे आपल्याच हाती आहे.