स्तूप : आकार आणि आशय

स्तूप म्हणजे मूलतः मातीचा उंचवटा. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या अस्थींवर स्तूप उभारण्यात आले आणि या साध्या आकारास धर्मस्मारकाचे स्वरूप प्राप्त झाले. मध्य प्रदेशातील सांची येथील महास्तूप हा या वास्तुप्रकाराचा उत्कृष्ट नमुना होय.

स्तूपाची अंगे

सम्राट अशोकाच्या काळी, इ. स. पू. तिसऱ्या शतकात, सांचीस विटांचा स्तूप बांधण्यात आला. पुढील शतकात त्यावर दगडी आवरण चढवून तो वाढविण्यात आला. आज त्याचा व्यास सुमारे ३६.६ मीटर आहे. पायाशी असलेला उंच चौथरा म्हणजे मेधी. तिच्यावरील भरीव घुमट म्हणजे अंड. अंडावर हर्मिका हा चौकोनी कठडा असून त्यातून निघालेल्या यष्टीवर तीन छत्रे आहेत. यष्टी हा विश्वाचा अक्ष, तर छत्र हे सार्वभौमत्वाचे चिन्ह मानले जाते.

स्तूपाच्या आत प्रवेश नसतो. उपासक त्याला उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा घालतो. प्रदक्षिणापथाभोवती दगडी वेदिका आहे. तिच्या आडव्या सूची उभ्या स्तंभांच्या खाचांत बसविल्या आहेत. सुताराची ही रीत पाथरवटाने दगडात उतरविली.

तोरणांची भाषा

चार दिशांची चार तोरणे इ. स. पू. पहिल्या शतकातील आहेत. त्यांवर बुद्ध मानवी रूपात आढळत नाहीत. बोधिवृक्ष ज्ञानप्राप्ती सुचवितो, चक्र पहिले प्रवचन आणि स्तूप महापरिनिर्वाण. दक्षिण तोरणावरील लेखांत सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा, तसेच विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलेल्या कोरीव कामाचा उल्लेख आहे. वेदिकेवरही अनेक सामान्य दात्यांची नावे कोरलेली आहेत. सातवाहनांच्या नावामुळे महाराष्ट्राशीही या वास्तूचे नाते जुळते.

उंचवट्यांचे मोल

१८२२ मध्ये आत काही मिळेल या आशेने हा महास्तूप फोडण्यात आला. त्याची एक बाजू ढासळली. १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांनी त्याचा जीर्णोद्धार केला.

शास्त्रशुद्ध उत्खननाचे फळ वेगळे असते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील स्तूप उघडला, तेव्हा एकात एक ठेवलेले तांबे, चांदी, दगड, स्फटिक व सोने यांचे करंडक मिळाले. सर्वांत आतील सुवर्णकरंडकात होते ते मातीच्या भांड्याचे तुकडे! ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेले. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथेही १९६९-७० च्या उत्खननात टेकड्यांखाली स्तूपांचे अवशेष उजेडात आले.

गावाबाहेरील एखादी 'टेकडी' असाच स्तूप असू शकेल. तेथील विटा घराच्या पायास नेल्या, मुरूम रस्त्यास वापरला, तर गावाच्या इतिहासाचे एक पान कायमचे फाटते. म्हणून अशा ठिकाणी विटांचे थर, कोरीव दगड वा करंडक दिसताच खोदकाम थांबवावे, वस्तू जागेवरून हलवू नयेत आणि जिल्हाधिकारी व पुरातत्त्व विभाग यांस त्वरित कळवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस तो परिसर दाखवून त्याची ओळख करून द्यावी. सांचीच्या वेदिकेवर सामान्य माणसांची नावे कोरली आहेत. तो वारसा जपणे हेही सामान्य माणसांचेच काम आहे.