दीड इंचाचा हिशेब

1993 सालच्या जुलै महिन्यात, पावसाची भुरभुर चालू असताना, नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी एका शाळेच्या ओसरीवर उभी होते, आणि माझ्यासमोरच्या बाकावर एकेकदाच धुतलेले आकाशी रंगाचे सदरे एकावर एक रचून ठेवले होते. मुख्याध्यापक मितभाषी होते. त्यांनी ढिगातला वरचा सदरा उचलला, मे महिन्यात मी मंजुरीसाठी दिलेला नमुन्याचा सदरा दुसऱ्या हातात घेतला, दोहोंचे खांदे जुळवून धरले आणि एक शब्दही न बोलता दोन्ही सदऱ्यांच्या खालच्या काठांकडे पाहिले. दीड इंच! वस्त्ररचनेची पदवी घेऊन आलेल्या, वर्तमानपत्रात जिचे छायाचित्र छापून आले होते अशा माझ्यासारख्या मुलीच्या सगळ्या विद्वत्तेचे माप त्या दोन काठांमधल्या अंतरात मावले होते.

वास्तविक माझ्यावर हा प्रसंग येण्याचे काही कारण नव्हते, कारण माझा जन्म विणकराच्या घरातला. 1884 सालच्या सरकारी गॅझेटियरमध्येही ज्याची दखल घेतली आहे तो लुगडी विणण्याचा धंदा नगर आणि भिंगार येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. अमेरिकन मराठी मिशनचे चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी आपला सुधारित हातमाग तयार केला तोही याच नगरात. तोफखाना भागातील आमच्या घरी आजोबांचा खड्ड्याचा माग होता. घरात तेलुगू बोलत, म्हणून आजोबांना आम्ही ‘तात’ म्हणत असू. शाळेत बाईंनी तात म्हणजे वडील असे शिकविले तेव्हा माझा काही दिवस मोठा गोंधळ उडाला होता. हे तात नऊवारी लुगडे विणताना नऊ वारांवर कधी थांबत नसत. वीतभर पुढे विणून मगच धोटा खाली ठेवीत. कांड्या भरता भरता मी एकदा कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “खळ धुतली की कापड मागं सरतं, पोरी. गिऱ्हाइकानं घरी नेऊन धुतल्यावरसुद्धा नऊ वार भरले पाहिजेत.” हे वाक्य मी ऐकले, हसले आणि विसरले.

1987 साली मी एका मोठ्या शहरातील महाविद्यालयात दाखल झाले. तेथील अभ्यासक्रम रचना, उत्पादन आणि विक्रीनियोजन, म्हणजे ज्याला धंद्यात मर्चंडायझिंग म्हणतात ते, अशा तीन खांबांवर उभा होता; परंतु मला त्यांतील पहिलाच तेवढा दिसला. माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसात पट असते, पण वेशभूषेच्या चित्रांत ती नऊ पट काढण्याची वहिवाट आहे, आणि या नऊ डोक्यांच्या सडपातळ स्त्रियांना मी इतकी भुलले होते, की उत्पादनाच्या तासाला वहीच्या मागच्या पानावर त्याच अवतरत आणि वस्त्रपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत तर मी अनेकदा पाऊलही टाकीत नसे. कापडाच्या आटण्याचा प्रयोग प्रत्येकीने स्वतः करावयाचा होता. त्याचे आकडे मी मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेतले आणि दहापैकी आठ गुण मिळविले. ते आठ गुण मला पुढे फार महाग पडले.

शिक्षण संपवून नगरला परतल्यावर चार यंत्रे घेऊन मी शिलाईचा कारखाना काढला आणि दोनच वर्षांत 640 सदऱ्यांचे गणवेशाचे काम हाती आले. नमुन्याचा सदरा मी कापडबाजारातून किरकोळीत घेतलेल्या उंची पॉपलीनचा शिवला. तो मंजूर झाला. प्रत्यक्ष मालासाठी मात्र तसेच दिसणारे, पण मीटरमागे साडेचार रुपयांनी स्वस्त कापड परगावच्या व्यापाऱ्याकडून मागविले. तागे 20 मे रोजी पोहोचले आणि माल 10 जूनला द्यावयाचा होता. कापड भिजवून पाहण्यात एक दिवस जाईल म्हणून तो वाचविला आणि त्याच संध्याकाळी बेतायला घेतले. व्यापाऱ्याने फसविले असे मी पुष्कळ दिवस सांगत फिरले, परंतु हे कापड आटवून घेतलेले आहे काय, असे मी त्याला विचारलेच कुठे होते?

कापड आटते याचे कारण गूढ नाही. मागावर आणि पुढे खळ, रंग, इस्त्री या सर्व संस्कारांत धागा ताणलेला असतो. पाणी लागताच तंतू फुगतात, ताण सुटतो, आणि एकमेकांवरून जाणारे धागे अधिक वळसे घेतात. उभे धागे अधिक ताणलेले, म्हणून लांबी रुंदीपेक्षा सहसा जास्त आटते. यावर उपाय म्हणून कापड कारखान्यातच दाबून आटविण्याची रीत सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन गृहस्थाने शोधली आणि 1930 मध्ये तिचे पेटंट घेतले; आपल्या वडीलधाऱ्यांनी ताग्याच्या काठावर वाचलेला ‘सॅन्फोराइज्ड’ हा शिक्का त्याच्याच नावावरून आला. माझे कापड लांबीत शेकडा सहा आटले. चोवीस इंची सदऱ्याला शेकडा सहा म्हणजे जवळजवळ दीड इंच.

260 सदरे आम्ही खालच्या इयत्तांतील मुलांना बदलून दिले. उरलेले 380 पुन्हा शिवले. एका सदऱ्यास 48 रुपये खर्च, म्हणजे एकंदर 18,240 रुपये. आईने पाटल्या गहाण ठेवल्या, आणि त्या सोडवीपर्यंत तिने त्यांचा उल्लेखही केला नाही, याचे मला अधिक लागले.

तेव्हा, वस्त्रविद्येच्या विद्यार्थ्यांनो, पहिली गोष्ट ही, की कापडाचा कोणताही तुकडा हाती आला की त्यावर पन्नास सेंटिमीटरचा चौरस धुऊन न जाणाऱ्या शाईने आखा, कापड धुवा, सावलीत सपाट सुकवा आणि पुन्हा मोजा. सत्तेचाळीस भरले तर शेकडा सहा गेले. एवढ्या प्रयोगास बादली आणि पट्टी यांपलीकडे काही लागत नाही, आणि तो न करण्यास मात्र माझ्याप्रमाणे पाटल्या लागतात. पांढरी चिंधी ओली करून त्याच ताग्याच्या रंगावर घासा. चिंधीने रंग घेतला, तर गिऱ्हाइकाच्या बनियनचे काय होईल हे तुम्हाला आधीच कळेल. दोन ताग्यांचे तुकडे दिवसाच्या उजेडात शेजारी धरा, कारण एकाच नावाच्या रंगाच्या दोन घाण्यांत फरक असतो, आणि कॉलर एका ताग्याची व पाठ दुसऱ्याची झाली की सदरा ठिगळ लावल्यासारखा दिसतो.

उत्पादनाचा विषय कंटाळवाणा वाटतो, हे मला ठाऊक आहे. परंतु बेतताना एका सदऱ्यामागे दोन सेंटिमीटर कापड वाचले, तर 640 सदऱ्यांत जवळजवळ तेरा मीटर वाचते. आणि तेच वाचविण्याच्या हव्यासाने तुकडा उभ्या धाग्याशी तिरका लावला, तर धुतल्यावर सदऱ्याची शिवण पोटावर येते. ही काटकसर आणि ही लबाडी यांतील सीमा पुस्तकात सापडत नाही, बेतण्याच्या मेजापाशी उभे राहूनच कळते. म्हणून महाविद्यालय निवडताना वार्षिक वेशभूषा-सोहळ्याची रंगीत पत्रिका पाहू नका. शिलाईची यंत्रे विद्यार्थ्यांना सायंकाळी वापरू देतात काय आणि परीक्षणाच्या यंत्रांवर धूळ आहे की तेल, हे स्वतः जाऊन पाहा. पदवीचा खर्च झेपत नसेल तर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिवणकामाचा अभ्यासक्रम कमी प्रतीचा मानू नका; माझ्याकडील सर्वांत विश्वासू कारागीर तिथूनच आली. सुटीत कोपरगावच्या मुलांनी शेजारच्या येवल्यास जाऊन पैठणीच्या मागापाशी बसावे. इचलकरंजीत, जेथे 1904 साली पहिला यंत्रमाग आला, तेथे एकदा तरी खडखडाट कानांनी ऐकावा.

विक्रीनियोजनाला मी तुच्छ लेखीत असे, जणू तो केवळ दुकानदारीचा भाग. आपल्याच जिल्ह्यातील चौंडीच्या अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसविले तेव्हा त्यांच्यापुढे केवळ काठावरच्या नक्षीचा प्रश्न नव्हता. विणकराने काय विणावे, कोणासाठी विणावे आणि ते कोण घेईल, हे सगळे एकाच तजविजीत आले होते. आजचा मर्चंडायझर हेच करतो: माल द्यावयाच्या तारखेपासून उलटा मोजत शिलाई, बेतणे, कापडाची तपासणी, नमुन्याची मंजुरी यांच्या मुदती लिहून काढतो आणि मंजूर नमुना मालाच्याच कापडाचा करून मोहोरबंद ठेवतो. मी असा उलटा हिशेब मांडला असता, तर 10 जूनपासून मागे येता येता कापड धुण्याचा तो एक दिवस मला सापडला असता. माझा सगळा व्यवहार तोंडी होता. आटण्याची मर्यादा किती, बदली माल कोणी द्यावा, बयाणा किती, यांपैकी काहीच कागदावर नसल्यामुळे तक्रार घेऊन जावे असे ठिकाणही मला उरले नव्हते.

त्या शाळेने पुढच्या वर्षी काम पुन्हा मलाच दिले. या वेळी मी रीतसर करारनामा नेला, कलमे वाचून दाखविली आणि सहीसाठी पुढे केला. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला, सर्व वाचले, आणि सही करण्यापूर्वी शेवटच्या कलमाखाली आपल्या बारीक अक्षरात एक ओळ जोडली: नमुना तीन वेळा धुऊन मगच दाखवावा.